सर्वनामांची सुसंगती आणि अद्भुतकथेचा अवकाश : उच्च प्राथमिक स्तरावरील मराठी अध्यापनाची समीक्षा
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

बीजशब्द : सर्वनाम, लिंग-वचन, अद्भुतकथा, कथावकाश, सीमाभाग, उच्च प्राथमिक स्तर

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या भूमीत व्याकरण आणि अद्भुतकथा यांचे नाते फार जुने आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तील आख्यायिकेनुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाला जलक्रीडेच्या वेळी राणीच्या संस्कृत वाक्यातील संधी उमगला नाही. 'पाणी उडवू नका' असे तिचे म्हणणे असता राजाने मोदक मागविले आणि तो हास्यास्पद ठरला. गुणाढ्याने त्याला सहा वर्षांत व्याकरण शिकविण्याची तयारी दर्शविली, तर शर्ववर्म्याने सहा महिन्यांत. पैज हरलेल्या गुणाढ्याने पुढे पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली. व्याकरणाचा जलद मार्ग एकीकडे आणि कथेचे अरण्य दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासिकेतही ती आढळते. सर्वनाम व्याकरणाच्या तासाला आणि कल्पनाप्रधान कथा लेखनाच्या तासाला शिकविली जाते. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा केली आहे.

प्रचलित अध्यापनाचे स्वरूप :
मराठीत मूळ सर्वनामे 9, त्यांपैकी वचनानुसार बदलणारी 5 (मी, तू, तो, हा, जो) आणि लिंगानुसार बदलणारी 3 (तो, हा, जो), ही माहिती विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जाते. पर्यायी उत्तरांच्या स्पर्धा परीक्षांत ती गुण मिळवून देते. गुणवत्तेच्या 'लातूर पॅटर्न'चा लौकिक असलेल्या या परिसरात अशा माहितीला विशेष महत्त्व येणे स्वाभाविक आहे. परंतु 'तो' लिंगानुसार बदलतो हे सांगता येणे वेगळे आणि दहा वाक्यांच्या परिच्छेदात तो योग्य रीतीने बदलणे वेगळे. पहिल्या गोष्टीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

मराठी सर्वनामांतील खरी अडचण :
मराठीत 'ते' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे, पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि आदरार्थी रूपही आहे. 'ती' हे स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. 'ती आली' या वाक्यात मुलगी आली की पाखरे आली, हे केवळ संदर्भावरून ठरते. वास्तव जीवनावरील निबंधात ही अडचण झाकली जाते, कारण आई, मित्र, शिक्षक यांचे लिंग विद्यार्थ्याला अगोदरच ज्ञात असते. अद्भुतकथेत मात्र दगड, नदी, भूत, घुबड बोलू लागतात आणि लेखकाला प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो.

उदाहरणार्थ, कंधारच्या किल्ल्यातील बुरुजावर एक घुबड बोलू लागले अशी कल्पना करावी. 'ते म्हणाले' हे वाक्य साध्या घुबडाला लागू पडते आणि 'घुबडराजां'नाही. भेद प्रकट होतो तो विभक्तीत. घुबडासाठी 'त्याने पंख पसरले', घुबडराजांसाठी 'त्यांनी पंख पसरले'. एकाच कथेत ही दोन रूपे मिसळली तर पात्राचा दर्जाच डळमळतो. हीच गोष्ट आत्मकथनपर निबंधाची. 'मी नदी बोलतेय' हे सहज लिहिले जाते. 'मी पुस्तक' म्हटल्यावर मात्र 'बोलतोय' की 'बोलतेय' हा प्रश्न पडतो, कारण नपुंसकलिंगी रूप स्त्रीलिंगी रूपासारखेच दिसते. 'बोलत आहे' असे लिहून अडचण टाळता येते, पण ती टळली याची चर्चा वर्गात होत नाही.

कथावकाश आणि सर्वनाम :
कथावकाश म्हणजे केवळ 'एका घनदाट जंगलात' हे आरंभीचे वर्णन नव्हे. त्या जगाचे नियम म्हणजे कथावकाश. तेथे कोण बोलू शकतो, कोणाला मान आहे, कोण वस्तू आणि कोण व्यक्ती, हे नियम वाचकाला प्रथम सर्वनामांतूनच कळतात. काल्पनिक कथेत काहीही चालते हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. जग कल्पित असले तरी त्यातील सुसंगती कल्पित नसते.

यासाठी परिसर परका असण्याचे कारण नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी रेल्वे 'जलदूत' नावाने ओळखली गेली. हीच गाडी कथेत बोलू लागली तर 'गाडी' म्हणून ती 'ती' होते आणि 'जलदूत' म्हणून 'तो'. यांपैकी कोणते रूप निवडावे आणि ते शेवटपर्यंत कसे सांभाळावे, या एका प्रश्नात व्याकरण व कथालेखन दोन्ही सामावतात.

सीमाभागाचा संदर्भ :
देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या तालुक्यांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू-दखनी घरभाषा असलेली मुले मराठी शिकतात. तेलुगूत एकवचनी स्त्री व मानवेतर वस्तू यांना क्रियापदाचे रूप एकच. कन्नडात मानवेतर नामांना सामान्यतः 'अदु' हेच सर्वनाम. उर्दूत नपुंसकलिंगच नाही आणि तृतीयपुरुषी सर्वनाम लिंगानुसार बदलत नाही. अशा विद्यार्थ्याने दगड, नदी व पुस्तक यांना एकच सर्वनाम योजले, तर तो दोष अज्ञानाचा नसून दुसऱ्या भाषेच्या नियमाचा असू शकतो. तांबड्या शाईची रेघ हा फरक दाखवीत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने बहुभाषिकतेला वर्गातील साधनसंपत्ती मानले. त्याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

आक्षेप व मर्यादा :
वर्गातील मोठी पटसंख्या आणि परीक्षेचा ताण पाहता हे शक्य आहे काय, असा आक्षेप रास्त आहे. तथापि संपूर्ण कथेची अपेक्षा नाही. आठ ओळींचा एक उतारा, त्यातील पात्राचे नाव बदलून केलेले पुनर्लेखन आणि बदललेल्या रूपांची चर्चा एवढे दोन तासिकांत होऊ शकते. सर्वनामांचा तक्ता त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. तो लेखनापूर्वी पाठ करण्याऐवजी लेखनानंतर पडताळणीसाठी वापरावा, इतकेच.

निष्कर्ष :
1. सर्वनामांची संख्या सांगता येणे हे त्यांच्या सुसंगत वापराचे प्रमाण नव्हे.
2. अद्भुतकथेत नामाचे लिंग आणि पात्राचा दर्जा यांत संघर्ष निर्माण होतो, म्हणून सर्वनाम-अध्यापनास ती अधिक उपयुक्त आहे.
3. सीमाभागातील चुकांचे मूल्यमापन घरभाषेच्या संदर्भात व्हावे.
4. व्याकरण व कथालेखन यांच्या तासिका परस्परांशी जोडाव्यात.

शर्ववर्म्याच्या सहा महिन्यांनी राजाची लाज राखली, हे खरे. गुणाढ्याची कथा मात्र त्या पैजेनंतर शतकानुशतके सांगितली गेली. वर्गात या दोघांना एकत्र आणणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे.