कृश काया आणि मेद : डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचे परीक्षण

मधुमेह हा रक्तशर्करेचा रोग म्हणून ओळखला जात असला, तरी त्याच्या मुळाशी बहुधा मेदाच्या चयापचयातील बिघाड असतो. त्वचेखालील मेदपेशींची साठवणशक्ती अपुरी पडली, म्हणजे मेदाम्ले यकृतात व स्नायूंत साचतात आणि तेथे इन्शुलिनचा अंमल चालेनासा होतो. असे असता, सडपातळ भारतीयास हा रोग का जडावा? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. हे उदाहरण बोलके आहे. पण दोन व्यक्तींवरून सिद्धान्त उभा राहत नाही. त्यातून युडकिन हे लांब पल्ल्याचे धावपटू होते.

खरा पुरावा निराळा आहे. १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलोग्रॅम भरले. मात्र ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. उदराचा घेर सर्वाधिक घटलेला होता; खांद्याच्या पात्याखालील त्वचेच्या घडीची जाडी सर्वांत कमी घटली होती. म्हणजे स्नायू व उदरस्थ अवयव यांना कात्री लागली, मेद मात्र बराचसा राखला गेला. वजनाच्या काट्याला जे दिसत नव्हते, ते साध्या मोजमापाने उजेडात आणले, हे या कार्याचे मोठे श्रेय होय.

तथापि ‘कृश-मेदयुक्त अर्भक’ ही संज्ञा जपून वापरली पाहिजे. पुण्याच्या अर्भकाची त्वचेची घडीही इंग्रज अर्भकाहून पातळच होती. त्याचा मेद अधिक ठरतो तो त्याच्या देहाच्या मानाने. शिवाय त्वचेच्या घडीवरून उदरातील मेदाचा निश्चित अंदाज बांधता येत नाही. संज्ञा लोकप्रिय झाली, की हा भेद पुसट होतो.

२००८ सालच्या निबंधात विषय आणखी पुढे जातो. या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मातांत जीवनसत्त्व ब-१२ कमी आढळले. फोलेटची उणीव केवळ एकीत होती. ज्या मातांत ब-१२ अल्प व फोलेट विपुल होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला. ब-१२ च्या अभावी मेदाम्लांचे ज्वलन मंदावून मेदनिर्मिती वाढत असावी, ही त्यामागची उपपत्ती जीवरसायनदृष्ट्या ग्राह्य आहे. परंतु सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ब-१२ ची उणीव आहाराशी निगडित असते आणि आहाराबरोबर जीवनमानही बदलते. एवढ्यावरून गर्भवतीची फोलिक आम्लाची गोळी बंद करावी असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. कारण ती गोळी अर्भकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे टाळते.

संशोधकाने यावर योग्य तोच मार्ग धरला. २०१२ साली त्याच अभ्यासातील, आता वयात आलेल्या मुलामुलींना गर्भधारणेपूर्वीच ब-१२ देऊन पाहण्याचा नियंत्रित प्रयोग सुरू करण्यात आला. निरीक्षणापासून प्रयोगापर्यंत एकाच लोकसमूहाशी इतकी वर्षे बांधून घेणे आपल्याकडे विरळाच. ज्यांना चयापचयावर प्रबंध लिहावयाचा आहे, त्यांनी संज्ञेपेक्षा ही पद्धती अभ्यासावी.