कुलवृत्तांतातील ‘म्हणे’चा लोप

कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार मराठीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलाच रुजला. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, वतन, स्थलांतर आणि शेवटी वंशावळ असा त्याचा साचा ठरून गेला. खेड्यातील आपल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक आजही बहुधा याच साच्याने जातो. या ग्रंथांमुळे पुष्कळ कागदपत्रे टिकली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि मौखिक माहिती नोंदविण्याची त्यांची पद्धती सदोष आहे, आणि हा दोष मुळात भाषिक आहे.

गावातील वृद्ध सांगतो, ‘पणजा माणदेशातून आला म्हणे.’ ग्रंथात छापले जाते, ‘घराण्याचे मूळ पुरुष माणदेशातून आले.’ एकवचनाचे आदरार्थी बहुवचन झाले, पणज्याचा मूळ पुरुष झाला. पण सर्वांत मोठी हानी ‘म्हणे’ गळाल्याची आहे. ‘म्हणणे’ या धातूचे हे जुने तृतीयपुरुषी रूप आता लिंगवचनाचा विकार न घेणारे अव्ययच बनले आहे. विधान ऐकीव आहे, ही माहिती ते पुरविते. ‘आला’, ‘आला म्हणे’, ‘आला असावा’ आणि ‘आला असं आजी सांगायची’ या चार वाक्यांत घटना एकच असली, तरी ज्ञानाचा आधार चार प्रकारचा आहे. लेखक हा भेद पुसतो तेव्हा ऐकीव गोष्टीला सिद्ध वस्तुस्थितीची प्रतिष्ठा मिळते.

जुन्या लेखनव्यवहाराला हा विवेक अपरिचित नव्हता. वतनाच्या तंट्यात गोतसभा भरे, महजर होई, आणि त्यावर साक्षीदारांची नावे व निशाण्या येत. पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला असे. निर्णयाला कोणाकोणाचा आधार आहे, हे त्यामुळे कागदावरच राही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, तीत जुनी पत्रे त्यांच्या मूळ भाषेत वाचकांपुढे ठेवली. जुन्या कागदाला मिळालेला हा मान जिवंत माणसाच्या वाक्याला मात्र कुलवृत्तांतात क्वचितच मिळाला.

कालनिर्देशाचेही तेच. ‘मानमोडीच्या साली आजा गेला’ या वाक्याच्या जागी ‘१९१८ मध्ये निधन’ एवढेच लिहिले, की इन्फ्लुएन्झाच्या साथीचे गावाने ठेवलेले नाव जाते, मृत्यूच्या कारणाचा संभाव्य सुगावाही जातो. सन हा अभ्यासकाचा निष्कर्ष आहे, निवेदकाचे विधान नव्हे. दोन्ही शेजारी शेजारी, पण वेगळी नोंदविली पाहिजेत.

या दोषाचा सर्वाधिक फटका स्त्रियांच्या साक्षीला बसला. वंशावळ पुरुषांच्या नावांनी पुढे सरकते. सुनेचे माहेर पुष्कळदा नोंदलेच जात नाही. वास्तविक सासरच्या पूर्वजांविषयी बोलताना ‘म्हणे’ वापरणारी वृद्धा माहेरच्या माणसांविषयी मात्र निःशंक, आँखो देखे सांगू शकते. तिच्या बोलण्यातील हा बदल म्हणजे पुराव्याची आयती प्रतवारीच होय. जात्यावरच्या ओव्यांत माहेर, भाऊ, सासुरवास यांची स्मृती किती दाट आहे, हे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांवरून दिसते. ओवी वंशावळीतील नात्याचा पुरावा नव्हे. पण कोणती नाती बाईने मनात धरून ठेवली, हे तिच्यावाचून कळत नाही.

घराण्याची नोंद ही केवळ अभिमानाची बाब नाही. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शासकीय पातळीवर शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दप्तरांतील एकेका शब्दावर कुटुंबांचे हक्क कसे अवलंबून असतात, हे सर्वांना दिसले. ज्यांच्या घरी वतन नव्हते, त्यांचे असे कागद मुळातच थोडे. त्यांच्यापाशी उरते ती बहुधा सांगोवांगी. ती गाळून चालणार नाही, आणि सिद्ध म्हणून छापूनही चालणार नाही. निवेदकाचे वाक्य जसेच्या तसे, त्याच्या बोलीत लिहावे. ते कोणी, कोणत्या नात्याने, कोणाकडून ऐकून सांगितले, हे त्यापुढे द्यावे. अभ्यासकाचा अर्थ त्याखाली स्वतंत्र असावा. एवढे पथ्य पाळले, तर पुढच्या पिढीला निष्कर्षाबरोबर त्याचा आधारही तपासता येईल.