तारकांची घोषणा

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. सरकारी परिभाषेत मात्र ती ‘विशेष लष्करी कारवाई’ होती. ४ मार्चच्या कायद्याने सैन्याविषयीच्या ‘खोट्या’ माहितीस पंधरा वर्षांपर्यंत कारावास ठरविला. तेव्हा काही नागरिकांनी फलकावर आधी तीन व मग पाच तारका काढल्या. ‘न्येत वाइन्ये’, म्हणजे ‘युद्ध नको’, या घोषणेची रशियन लिपीतील अक्षरसंख्या तीच. कोणी कोरा कागदच धरला. त्यांनाही पोलिसांनी ताब्यात घेतले.

यास ‘मूक निषेध’ म्हणणे वरवरचे होय. वाच्यार्थ लोपला, तरी व्यंग्यार्थ पूर्ण आहे. आणि आनंदवर्धनास अभिप्रेत असलेला सहृदय येथे (दैवदुर्विलासाने) पोलीसही ठरतो. तारका वाचल्यावाचून त्यास गुन्हा नोंदविता येत नाही.

त्युमेन येथील एका स्त्रीने दुसऱ्या शब्दाची केवळ आद्य व अंत्य अक्षरे लिहिली, मध्ये तीन तारका. आपला विरोध ‘वोब्ला’ नामक माशास होता, असे तिने न्यायालयास सांगितले. दोन्ही नामे स्त्रीलिंगी, चतुर्थीचा प्रत्यय एकच, अक्षरेही पाच. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने प्रथम तिला सोडलेही.