एका छपराखालची चाकरी

शाळामास्तर हा कादंबरीकारांचा जुना लाडका आहे. टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' या १८५७ सालच्या कादंबरीनें रग्बीच्या डॉ. आर्नोल्डला घरोघर पोंचविलें, आणि जेम्स हिल्टनच्या 'गुडबाय, मिस्टर चिप्स' या १९३४ सालच्या चिमुकल्या पुस्तकानें एका साध्यासुध्या मास्तराला असंख्य वाचकांच्या प्रेमाचा धनी केलें. परंतु दिवसां वर्गांत बसणाऱ्या मुलाला रात्रीं कोणी सांभाळावयाचें, हा प्रश्न कादंबरीला फारसा पडलेला दिसत नाहीं. कथेंत वसतिगृहाचा रेक्टर आलाच तर तो मुलांना पकडण्यासाठीं येतो, नाहीं तर मुलांकडून फसविला जाण्यासाठीं येतो. त्याची खोली, त्याचा पगार, त्याची झोंप यांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. म्हणूनच अमेरिकन लेखिका कायली रीड यांची 'कम अँड गेट इट' ही २०२४ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी हातीं आली तेव्हां आम्हांस विशेष कुतूहल वाटलें. विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहून, त्या राहण्याच्याच मोबदल्यांत, तेथील मुलींवर देखरेख करणारी एक तरुणी या कादंबरीच्या मध्यभागीं आहे.

कादंबरीचा विचार करण्यापूर्वीं ही चाकरी म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. कारण पुस्तकाचें सारें मर्म त्यांत आहे. अमेरिकेंतील विद्यापीठांत वसतिगृहाची व्यवस्था साधारणतः दोन पायऱ्यांची असते. खालच्या पायरीवर 'रेसिडेंट असिस्टंट'. हा स्वतः विद्यार्थीच असतो. एका मजल्यावरच्या मुलांची जबाबदारी त्याच्याकडे असते, आणि मोबदला म्हणून त्याला खोली, पुष्कळ ठिकाणीं जेवण व कोठें कोठें थोडा हातखर्च मिळतो. वरच्या पायरीवर त्या इमारतीचा 'रेसिडेन्स डायरेक्टर' किंवा 'हॉल कोऑर्डिनेटर', म्हणजे आपल्या बोलीतला रेक्टर. हा पगारी नोकर, बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, आणि त्याच इमारतींतील एका बिऱ्हाडांत राहणारा. ऑगस्टमध्यें मुलें येण्यापूर्वीं हीं माणसें येतात व दारांवर नांवाच्या चिठ्ठ्या लावतात. सुटी लागून मुलें घरीं गेलीं म्हणजे खोल्या तपासून, कुलुपें घालून मग मोकळीं होतात. पाळीच्या रात्रीं फोन उशाशीं घेऊन निजावयाचें, मजल्यामजल्यावरून फेऱ्या घालावयाच्या, किल्ली आंत विसरून दार ओढून घेणाऱ्यास दार उघडून द्यावयाचें, एका खोलींतल्या दोघांचें पटेनासें झालें कीं दोघांस समोर बसवून दिवा कधीं मालवावयाचा व पाहुणा किती वेळ बसवावयाचा याचा लेखी करार करून द्यावयाचा, आणि मध्यरात्रीं आगीची घंटा झाली म्हणजे निजावयाच्या कपड्यांवर कोट चढवून शेंकडों मुलांसह अंगणांत कुडकुडत उभें राहावयाचें, अशी ही चाकरी. कचेरी सुटल्यावर इतर माणसें घरीं जातात. या रेक्टरला घर व कचेरी यांमध्यें एका जिन्यापलीकडे अंतर नसतें. शिवाय नोकरी सुटली कीं पाठोपाठ बिऱ्हाडही सुटतें.

या चाकरीला इतिहास आहे. एके काळीं तेथील कायदा कॉलेजला पालकाच्या जागीं मानीत असे. केंटकी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें १९१३ सालीं बेरिया कॉलेजच्या खटल्यांत तसाच निर्वाळा दिला होता. पुढें १९६० सालीं अलाबामा राज्यांतील काळ्या विद्यार्थ्यांनीं गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहारगृहांत बसून वर्णभेदाचा निषेध केला, तेव्हां त्यांपैकीं कांहींस कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. त्या खटल्यांत संघीय अपील न्यायालयानें १९६१ सालीं ठरविलें कीं, सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याचें म्हणणें ऐकून घेतल्याखेरीज त्याला असें काढतां येणार नाहीं. तेथून पालकत्वाचा तो जुना अधिकार ढांसळत गेला व विद्यार्थी हा नागरिक ठरला. परंतु पालकाची सत्ता गेली तरी पालकाची काळजी कोणाला तरी वाहावीच लागते. १९८६ सालीं पेनसिल्व्हानियांतील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहांत एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलींतच खून झाला. त्या घटनेंतून १९९० चा संघीय कायदा निघाला, आणि विद्यापीठांना आपल्या आवारांतील गुन्ह्यांचे आंकडे प्रसिद्ध करणें भाग पडलें. आज मजल्यावरच्या असिस्टंटला एखादा गुन्हा कळला तर तो वर कळविणें हें त्याचें कर्तव्य मानलें जातें. पुष्कळ विद्यापीठांत एखाद्या मुलीनें आपल्यावर झालेला अत्याचार विश्वासानें सांगितला, तरी 'ही गोष्ट माझ्यापाशींच राहील' असें वचन तो तिला देऊं शकत नाहीं. दार उघडें ठेवा, मुलांचे मित्र व्हा, असें त्याला शिकविलें जातें. आणि ऐकलेलें वर पोंचवा, हेंही त्यालाच शिकविलें जातें.

या अवघड जागेवर रीडबाईंनीं आपली कथा उभारली आहे. काळ २०१७ चा, स्थळ आर्कान्सा विद्यापीठ. विद्यापीठ खरें, परंतु बेलग्रेड नांवाचें वसतिगृह कल्पित. मिली कझिन्स ही चोवीस वर्षांची काळी तरुणी तेथें रेसिडेंट असिस्टंट आहे. आईच्या आजारपणामुळें तिचें शिक्षण मध्यें खंडित झालेलें, आणि आतां शेवटचें वर्ष पुरें करून स्वतःचें एक लहानसें घर विकत घ्यावें एवढी तिची महत्त्वाकांक्षा. दुसऱ्याच्या छपराखालीं, छपराच्याच मोबदल्यांत राबणाऱ्या मुलीला घराची तहान लागावी, ही गोष्ट लेखिकेनें कोठेंही बोट न दाखवितां वाचकाच्या मनांत उतरविली आहे. तिच्यासमोर येते ॲगाथा पॉल, एक पाहुणी प्राध्यापिका व नांवाजलेली लेखिका. लग्नसमारंभांविषयीं कांहीं लिहावें म्हणून ती मुलींच्या मुलाखती घेऊं लागते, आणि मुली लग्नापेक्षां पैशाविषयींच अधिक उघडपणें बोलतात असें तिच्या ध्यानांत येतें. मिलीच्या खोलीची भिंत पातळ आहे. पलीकडच्या मुलींचें बोलणें इकडे स्पष्ट ऐकूं येतें. ॲगाथा मिलीला पैसे देऊन तिच्या खोलींत बसते, तें बोलणें टिपून घेते, आणि नांवें बदलून, थोडें मीठमसाला लावून मासिकांत छापते. पुढें दोघींचा संबंध प्रेमाच्या वळणावर जातो. याचा शेवट काय होतो तें सांगून वाचकांचा विरस करण्याची आमची इच्छा नाहीं.

मिलीनें केलें तें वाईट, यांत वाद नाहीं. ज्या मुलींनीं तिच्या शेजारीं निर्धास्तपणें दार लावून घेतलें, त्यांचा विश्वास तिनें विकला. परंतु लेखिकेचें श्रेय हें कीं, तिनें हा प्रश्न एका मुलीच्या शीलाचा करून तेथेंच सोडून दिला नाहीं. मिलीचा कान विद्यापीठानें आधींच भाड्यानें घेतलेला होता. मजल्यावर काय चाललें आहे तें ऐकावें यासाठींच तिला ती खोली मिळाली होती. ॲगाथानें त्याच कानाचे रोख पैसे मोजले, इतकेंच. येथें मात्र एक भेद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. विद्यापीठासाठीं ऐकणें आणि ॲगाथासाठीं ऐकणें हीं दोन्ही सारखींच, असें म्हणणारा वाचक फसेल. पहिल्या ऐकण्याचा हेतु, निदान कागदावर तरी, त्या मुलीचें रक्षण हा आहे. आणि तो नियम तिला आधीं सांगतां येतो. दुसऱ्या ऐकण्यांत ती मुलगी विकावयाचा माल आहे, व तिला त्याची वार्ताही नाहीं. हा भेद आपल्याला बसल्या जागीं सुचतो. तो मिलीला सुचावा अशी तजवीज कोणी केली होती काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर कादंबरीबाहेर, तेथील न्यायालयांच्या दप्तरांत सांपडतें. १९८१ सालीं रेजिस कॉलेजच्या खटल्यांत संघीय अपील न्यायालयानें असा निकाल दिला कीं, तेथील रेसिडेंट असिस्टंट हे मजुरीच्या कायद्याच्या अर्थानें नोकर नव्हत. ते विद्यार्थीच होत, व त्यांना मिळणारी सवलत ही शिक्षणासाठीं दिलेली मदत होय. याच्या उलट, २००२ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील असिस्टंटांनीं कामगार संघाच्या बाजूनें कौल दिला, आणि २०२२ सालीं वेस्लियन विद्यापीठानें असिस्टंटांच्या संघाला आपण होऊन मान्यता दिली. म्हणजे हें काम कीं शिक्षण, हा मोबदला कीं कृपा, यासंबंधीं एकमत नाहीं. ज्या कामाचें मोल ठरत नाहीं त्याची मर्यादाही ठरत नाहीं. मग खोली आपली कीं संस्थेची, भिंतीपलीकडचा आवाज शेजाऱ्याचा कीं नोकरीचा, हेंही ठरत नाहीं. अशा धूसर जागीं उभ्या असलेल्या गरजू मुलीपुढें कोणी पैसे धरले, तर ती आपण पाप करीत आहों असें समजून ते घेत नाहीं. चाललेंच आहे त्याचेच थोडे अधिक मिळाले, असें समजून घेते. रीडबाईंनीं हें मनाचें घसरणें फार सावकाश, एकेका लहान पावलानें दाखविलें आहे. आमच्या मतें या पुस्तकांतील सर्वोत्तम भाग हाच.

दुसरा गुण संवादांचा. तरुण मुली एकमेकींत बोलतात तेव्हां अर्धें वाक्य सोडून देतात, एकाच शब्दाचे दहा अर्थ करतात, आणि क्रूर गोष्ट हंसत बोलून जातात. हें सारें लेखिकेच्या कानानें अचूक टिपलें आहे. एका मुलीला वडिलांच्या कचेरींतून, तेथें काम न करतां, 'सरावाचा पगार' मिळत असतो, आणि तिला त्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. या एका तपशिलानें, शेजारच्या खोलींत पै-पै जमविणाऱ्या मिलीचें चित्र आपोआप गडद होतें. श्रीमंतीवर व्याख्यान झोडण्याचा मोह लेखिकेनें आवरला आहे, हें विशेष.

आतां दोषांकडे वळूं. कादंबरीचा मधला भाग रेंगाळतो. कपडे, खाणें, खोलींतल्या वस्तु यांच्या यादींत लेखिका इतकी रमते कीं, कथा पुढें सरकावयाची आहे याचा तिला विसर पडतो. याहून गंभीर उणीव अशी कीं, वसतिगृहाच्या वरच्या पायरीवरचीं माणसें बहुतेक कथेच्या कडेलाच राहतात. ज्या कचेरीनें मिलीला खोली दिली, जिनें तिला नियमांची वही दिली, तिची बाजू नीट ऐकावयास मिळती तर वर सांगितलेला पेंच अधिक धारदार झाला असता. आणि तिसरी गोष्ट: या चाकरींत जें खरोखर चांगलें घडतें तें या पुस्तकांत फार थोडें आहे. ताप भरलेल्या मुलीजवळ पहांटेपर्यंत बसणें, घरच्या आठवणीनें रडणाऱ्या नव्या मुलाला हळूहळू पंगतींत आणून बसविणें, जीव द्यावयास निघालेल्याला बोलण्यांत गुंतवून मदत येईपर्यंत थोपवून धरणें, अशा गोष्टी त्या इमारतींत घडतात म्हणूनच तेथील विश्वासाला किंमत आहे. ज्या ठेव्यावर दरोडा पडला तो ठेवा किती मोठा होता, हें दाखविलें नाहीं तर दरोड्याची हानि पुरती कळत नाहीं.

हें वाचीत असतां मराठी वाचकाला साताऱ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं तेथें सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें, व १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्याला शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिच्याशेजारीं मिलीची कथा ठेवून 'पाहा तो त्याग आणि पाहा ही विक्री' असें म्हणणें अगदीं सोपें आहे. आम्ही तें म्हणणार नाहीं. लक्ष्मीबाईंची थोरवी वादातीत आहे. परंतु तीच थोरवी एका अप्रिय हिशोबाकडेही बोट दाखविते. मुलें सांभाळण्याचा जो खर्च समाजानें उचलावयाचा, तो एका बाईच्या गळ्यांतून निघाला. त्याग ही ज्यानें केली त्याच्या पायां पडण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याकडून मागून घेण्याची नव्हे. तरीसुद्धां आपल्याकडे वसतिगृहाच्या रेक्टरला 'तुम्ही मुलांचे आईबाप' असें म्हणण्याची जी रीत आहे, तींत पुष्कळदां आदरापेक्षां काटकसरच अधिक असते. आईबापांना पगार, रजा व कामाचे तास नसतात, हें त्या गोड शब्दांत आडून सांगितलेलें असतें. अमेरिकेंत खोली देऊन जें साधलें जातें, तें आपण मान देऊन साधतों.

म्हणून ही कादंबरी परक्या देशाची म्हणून बाजूला सारण्याजोगी नाहीं. ती प्रौढ वाचकांसाठींच आहे, हें मात्र येथें सांगून ठेवणें आमचें कर्तव्य आहे. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलें-मुली समुद्रापलीकडे शिकावयास जातात. मुलगी पोंचल्याचा फोन आला म्हणजे आपण खोली कशी आहे तें विचारतों, जेवणाची सोय विचारतों, थंडीची चौकशी करतों. रात्रीं तिच्या मजल्यावर जागें कोण असतें, तिनें त्याला सांगितलेलें कोठवर जातें, आणि त्या जागरणाचें त्याला काय मिळतें, हें विचारण्याचें आपल्याला सुचत नाहीं. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत मुलीला पोंचवितांनाही तें सुचत नाहीं. हें पुस्तक वाचणाऱ्याला तें सुचेल, आणि सुचलें तर मुलीलाही तें आधीं समजावून सांगतां येईल.

मिलीची बाजू रीडबाईंनीं मांडली. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत कुटुंबासह राहणाऱ्या, दहा वर्षें दुसऱ्यांचीं मुलें सांभाळून निवृत्तीच्या वेळीं स्वतःला घर नसलेल्या रेक्टरची कादंबरी मात्र अजून व्हावयाची आहे. वसतिगृहांत उमेदीचीं वर्षें काढलेले लेखक मराठींत थोडे नाहींत. आपल्या आठवणींतल्या त्या माणसाच्या दाराशीं, शिक्षा चुकविण्यासाठीं नव्हे तर त्याची विचारपूस करण्यासाठीं, त्यांपैकीं कोणी एकदां जाईल काय?