अमिनो आम्लांचे विकरीय प्रकाशमितीय मापन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

प्रथिनांची प्रत, अन्नाचे पोषणमूल्य आणि नवजात बालकांतील चयापचयाचे काही जन्मजात विकार यांविषयीचा निर्णय अमिनो आम्लांच्या मापनावर अवलंबून असतो. विकराची क्रिया आणि प्रकाशाचे शोषण यांचा मेळ घालणारी पद्धत अभ्यासक्रमात सोपी व अचूक म्हणून शिकविली जाते. ही अचूकता कोठपर्यंत ग्राह्य धरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :

झिगफ्रीड रुहेमान यांनी १९१० मध्ये निनहायड्रिनची जांभळा रंग देणारी अभिक्रिया शोधली. १९४८ मध्ये स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांनी तिला प्रकाशमितीय मापनाचे स्वरूप दिले. या रंगाचे शोषण ५७० नॅनोमीटरला मोजतात. तथापि, बहुतेक अमिनो आम्ले हाच रंग देतात, अमोनियाही देतो. त्यामुळे आम्ले आधी वेगळी केल्याशिवाय कोणते आम्ल किती, हे कळत नाही.

विकराने ही उणीव भरून काढली. फिनाइलअ‍ॅलनीन डिहायड्रोजिनेज हे विकर फिनाइलअ‍ॅलनीनवर क्रिया करते, तेव्हा एनएडीचे क्षपण होऊन एनएडीएच तयार होते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषून घेते, एनएडी तेथे जवळजवळ शोषत नाही. या फरकाचा मापनासाठी उपयोग ऑटो वारबुर्ग यांनी १९३० च्या दशकात केला. १९४८ मध्ये बर्नार्ड होरेकर व आर्थर कोर्नबर्ग यांनी एनएडीएचचा मोलर शोषणांक ६,२२० असा निश्चित केला. म्हणजेच एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये ०.६२२ शोषण आले, तर एनएडीएचची संहती लिटरमागे ०.१ मिलिमोल असते.

चिकित्सा :

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. उपकरण फिनाइलअ‍ॅलनीन मोजत नाही. ते एनएडीएच मोजते. या दोहोंची बरोबरी हे गृहीतक आहे आणि ते तीन ठिकाणी ढासळू शकते.

पहिले ठिकाण समतोलाचे. ग्लुटामेट डिहायड्रोजिनेजच्या अभिक्रियेचा समतोल ग्लुटामेटच्या बाजूस झुकलेला असतो. त्यामुळे सर्व ग्लुटामेट आपोआप संपत नाही. माध्यम अल्कधर्मी ठेवून आणि हायड्राझिनच्या साहाय्याने उत्पादित कीटो आम्ल बांधून अभिक्रिया पुढे न्यावी लागते. ही दक्षता न घेतल्यास उत्तर कमी येते.

दुसरे ठिकाण सूक्ष्म आकड्यांचे. फिनाइलकीटोन्यूरिया या विकाराचे वर्णन आस्ब्यर्न फ्योलिंग यांनी १९३४ मध्ये केले. त्यात आहारावर वेळीच नियंत्रण न ठेवल्यास बालकाची बौद्धिक वाढ खुंटते. रक्तातील फिनाइलअ‍ॅलनीनची संशयाची मर्यादा लिटरमागे साधारण १२० मायक्रोमोल धरली जाते. नमुना वीस पट विरल केल्यास संहती ६ मायक्रोमोल होते आणि शोषण अवघे ०.०३७ येते. रक्तद्रवाच्या गढूळपणामुळेही एवढे शोषण सहज येऊ शकते. यावर उपाय म्हणून एनएडीएच टेट्राझोलियम क्षाराशी जोडून गडद रंग मिळवितात. परंतु नमुन्यातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्लासारखे क्षपणक पदार्थही तो रंग निर्माण करू शकतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे ठिकाण निवडकतेचे. काही जिवाणूंपासून मिळविलेले फिनाइलअ‍ॅलनीन डिहायड्रोजिनेज टायरोसीनवरही क्रिया करते. वरील उदाहरणात ६० मायक्रोमोल टायरोसीनची पूर्ण अभिक्रिया झाली, तर १२० च्या जागी १८० असे उत्तर येईल. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत टायरोसीन काही काळ वाढलेले असू शकते. अशा बालकास नसलेला विकार चिकटविला जाण्याचा धोका संभवतो. याउलट, लिटरमागे १,२०० मायक्रोमोलसारखे फार वाढलेले मूल्य असेल, तर एवढ्या त्रुटीने निदान बदलत नाही. म्हणजे ही पद्धत सरसकट सदोष नाही. ती सीमेवरील मूल्यांपाशी दुबळी ठरते.

शुद्ध फिनाइलअ‍ॅलनीनवरून काढलेल्या प्रमाणित आलेखात हा दोष दिसत नाही. विकररहित कोरी चाचणी गढूळपणा उघड करते, टायरोसीन नाही. नमुन्यात ज्ञात फिनाइलअ‍ॅलनीन मिसळून ते पूर्ण परत मिळाले, तरी टायरोसीनचा वाटा झाकलेलाच राहतो. त्यासाठी केवळ टायरोसीन घेऊन विकराची स्वतंत्र परीक्षा करावी लागते. एकापाठोपाठ दोन वस्तुमान वर्णपटमापक जोडून केलेल्या तपासणीत दोन्ही आम्ले वेगवेगळी मोजता येतात व त्यांचे गुणोत्तरही मिळते. मात्र असे महागडे उपकरण प्रत्येक प्रयोगशाळेस परवडणारे नाही.

निष्कर्ष :

निनहायड्रिन पद्धतीत निवड करण्याचे काम पृथक्करणाचे होते, विकरीय पद्धतीत ते विकरावर सोपविले गेले. परंतु विकराची निवडकता हा त्याच्या नावाने सिद्ध होणारा गुण नव्हे. विकराच्या प्रत्येक स्रोतासाठी ती तपासावी लागते. प्रात्यक्षिकाच्या वहीत सरळ रेषेचा आलेख पाहून गुण देण्याची प्रथा आहे. त्याच वहीत केवळ टायरोसीनवर केलेल्या चाचणीची एक नोंद सक्तीची केली, तर विद्यार्थी आकडा वाचण्याबरोबर आकड्यावर शंका घेण्यासही शिकेल. बालकाच्या भवितव्याशी निगडित असलेल्या मापनाच्या शिक्षणात एवढी अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.