रिव्हर्सो घड्याळाची गोष्ट : कहाणी, कागद आणि वस्तू

माझं काम चौलच्या जुन्या साधनांवर आहे. पण साधनं तपासायची कशी, हे दाखवायला आज एक घड्याळ घेतोय. जेजर-लकुल्त्रचं 'रिव्हर्सो'. कारण त्याची गोष्ट सगळे एकसारखीच सांगतात, आणि असं झालं की आपण थांबून बघायला हवं.

गोष्ट अशी. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे हा स्विस व्यापारी भारतात आला. पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे घड्याळाची काच फुटते अशी तक्रार केली. त्यातून तबकडी आत फिरवून झाकता येईल असं चौकोनी घड्याळ तयार झालं.

आता कागद बघा. ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेद शोवो यांनी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला : आधारावर सरकून पूर्ण उलटणारं घड्याळ. काय, कोणी, कधी हे इथे पक्कं झालं. पोलोच्या कहाणीत मात्र सहसा ना मैदानाचं नाव असतं, ना सामन्याची तारीख. शिवाय ती सर्वांत जास्त सांगते ती घड्याळ विकणारी कंपनीच. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण तिला पेटंटइतकं वजन देऊ नका. भारताचा वाटा सिद्ध करायचा तर त्या हिवाळ्यातल्या क्लबांच्या नोंदी आणि बोटींच्या प्रवासी याद्या चाळाव्या लागतील.

तिसरा साक्षीदार म्हणजे खुद्द वस्तू. सगळं स्वतः बनवणारी कंपनी असा हिचा लौकिक. पण सुरुवातीच्या रिव्हर्सोचं झाकण उघडलं तर आत तावान या दुसऱ्या कंपनीचं मूव्हमेंट मिळतं. लकुल्त्रचं स्वतःचं १९३३ मध्ये आलं, आणि जेजर-लकुल्त्र हे जोडनाव १९३७ मध्ये. म्हणजे 'जेजर-लकुल्त्रने १९३१ मध्ये संपूर्ण घड्याळ बनवलं' हे वाक्य व्हायवात टिकणार नाही.

१९९४ च्या ड्युओफेसमध्ये ८५४ क्रमांकाचं एकच मूव्हमेंट दोन्ही बाजूंच्या तबकड्या चालवतं, दोन देशांच्या वेळा दाखवतं. काच वाचवण्यासाठी केलेली सोय वेगळ्याच कामाला लागली. तेव्हा आजच्या उपयोगावरून मूळ हेतू काढू नका, हेही लक्षात ठेवा.

चौलचंही असंच आहे. टॉलेमीचं सिमिल्ला, दहाव्या शतकातल्या अल-मसूदीचं सैमूर, पंधराव्या शतकातल्या निकितिनचं चिविल. ही तिन्ही नावं चौलशी जोडली ती अभ्यासकांनी. जोडणी भक्कम आहे, तरी तो निष्कर्ष आहे, आणि प्रबंधात तसंच लिहायचं असतं.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. प्रत्येक विधानापुढे पेन्सिलीने लिहा : कहाणी, कागद की वस्तू. जिथे फक्त 'कहाणी' उरेल, तिथून तुमचं खरं काम सुरू होतं.