ल्वार आणि वाशिष्ठी

फ्रान्सहून परतलेल्या मराठी माणसाचे प्रवासवर्णन म्हणजे घरपट्टीची नोंदवही! ल्वार नदीच्या खोऱ्यातला शांबोरचा राजवाडा: बांधकाम सुरू १५१९, खोल्या ४४०. मग द्राक्षमळा, वाइनचा एक घोट, आणि लेखकाला गहिवर. पण एवढा वाडा बांधणारा पहिला फ्रान्स्वा राजा तिथे जेमतेम काही आठवडे राहिला, ही खरी गंमत निसटते. खोल्या मोजणाऱ्याला माणूस दिसत नाही.

अलोऱ्यातल्या ओटीवर मी हे तावातावाने सांगत होतो. सौ. म्हणाली, "आपल्या वाशिष्ठीकाठचा गोविंदगड पाहिलात का हो?"

चिपळूणला शंभरदा गेलो. बाजार करून परतलो. तिने कोकम सरबत पुढे केले. घोटाबरोबर टीकाही गिळली. तो लेखक निदान गेला तरी होता!